ठेवलेलं प्रस्थान

श्यामकांत गुप्ते अंबरनाथच्या एका यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. बुवापाड्याला चाळीत दोन खोल्या, आई बनूबाई आणि बायको कुंदा, एवढाच संसार. मूलबाळ नव्हतं. माणूस अबोल, पण हात असा, की त्यांनी ओढलेली रेघ साहेबलोक पट्टी न लावता पास करायचे. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी नवऱ्याच्या तोंडून हौसेचा शब्द कुंदानं ऐकला नव्हता. साडी कोणती आणू विचारलं तर म्हणायचे, टिकेल ती आण.

तो शब्द तिनं ऐकला एकोणीसशे चौपन्न साली. कारखान्यात जर्मनीहून नवी यंत्रं यायची होती आणि त्यांचं काम शिकायला तिघांनी सहा महिने तिकडे जायचं ठरलं. इंजिनियर हेमचंद्र प्रधान, त्यांच्या हाताखालचे शरदचंद्र कर्णिक आणि तिसरे श्यामकांत. नकाशा वाचणारा माणूस बरोबर हवा, असं प्रधानांनीच वरच्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी श्यामकांत घरी आले, चहा घेतला, आणि कपबशी खाली ठेवता ठेवता म्हणाले, "कुंदा, मला समुद्राच्या काठाकाठानं जायचंय गं."

झालं होतं असं, की शिक्षण संपायचं मार्चच्या मध्यावर आणि परतीची बोट नेपल्सहून सुटायची त्यानंतर नऊ दिवसांनी. म्हणजे आठ दिवस हातात मोकळे. प्रधानांच्या मनात मोटार भाड्यानं घेऊन फिरायचं होतं. पण त्यांच्या घरची मोटारसुद्धा ड्रायव्हर चालवायचा, कर्णिकांना सायकलही धड येत नव्हती, आणि श्यामकांतांचा तर प्रश्नच नव्हता. त्यात तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगानं जातात. तेव्हा श्यामकांतांनी सांगितलं, साहेब, मोटार नकोच. मार्सेल्सपासून नेपल्सपर्यंत आगगाडी समुद्र धरून जाते, मी सगळं आखून देतो.

आणि मग त्यांनी आखायला घेतलं. कामावरून आले की हातपाय धुऊन फळ्यावर कागद ताणायचा आणि बसायचं. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये तोलाराम म्हणून एक सिंधी गृहस्थ जुनी पुस्तकं आणि वह्या विकायचे. त्यांनी मुंबईहून खटपट करून तिकडच्या गाड्यांचं वेळापत्रक मिळवून दिलं. तोलाराम मूळचे कराचीचे, बंदरावर वाढलेले. ते श्यामकांतांना म्हणाले, साईं, बंदराच्या गावात स्टेशनपाशी उतरू नका, धक्क्यापाशी उतरा, खाणं सस्तं आणि माणसं बोलकी. श्यामकांतांनी ते लगेच टिपून घेतलं. तोलाराम बराच वेळ कराचीच्या धक्क्याबद्दल बोलत राहिले, असं ते घरी येऊन सांगत होते.

पाच बंदरं ठरली. मार्सेल्स, नीस, जिनोआ, लेगहॉर्न, नेपल्स. कुठली गाडी किती वाजता, कुठे बदलायची, स्टेशनापासून धक्क्यापर्यंत चालत किती मिनिटं, कर्णिक मांसमच्छी खात नसत म्हणून त्यांच्यासाठी दूध-पाव कुठे. मध्ये गाडी चुकली तर अर्ध्या तासाची सवड प्रत्येक ठिकाणी राखलेली. एके दिवशी त्यांनी कुंदाला विचारलं, तीन पुरुषांचे कपडे थंडीत वाळायला किती वेळ लागेल? ती म्हणाली, ऊन नसेल तर दीड दिवस धरा. म्हणून जिनोआला दोन मुक्काम ठेवले. त्या परक्या गावात आपल्या सांगण्यानं नवरा एक दिवस जास्त राहणार, याचं कुंदाला मनातून फार अप्रूप वाटलं.

पण भीतीही होती. महादेवाच्या जुन्या देवळात ती दर सोमवारी जायची. काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेलं की वरचं काही ऐकू येत नाही. श्रावणातल्या एका सोमवारी बेल वाहताना तिच्या तोंडून निघून गेलं, "देवा, ह्यांना इतकं लांब नको नेऊस." पायऱ्या चढून वर आल्यावर तिला वाटलं, हे आपण काय मागितलं? पण एकदा वाहिलेला बेल काही परत उचलता येत नाही.

बोट सुटायची ती नेमकी पितृपक्षात. द्वितीयेला. बनूबाईंनी डोक्याला हात लावला. पितृपक्षात कोणी घराबाहेर पाऊल टाकतं का? आणि वर तिघं, तीन तिगाडा. शेजारच्या कौसाबाईंनी सांगितलं, तिघं असले की खिशात चौथी सुपारी ठेवावी. मग स्वतःच म्हणाल्या, "पण बनूबाई, बोटीवर सुपारीचंही तिकीट मागतील हो." सगळ्या हसल्या. बनूबाई हसल्या नाहीत.

अखेर गुरुजींनी तोड काढली. भाद्रपद शुद्ध त्रयोदशीची सकाळ चांगली होती. त्या मुहूर्तावर प्रस्थान ठेवायचं. म्हणजे जाणाऱ्याचं अंगावरचं एक वस्त्र, त्यात अक्षता, सुपारी आणि हळकुंड बांधून शेजारच्या घरी ठेवायचं. मुहूर्तावर त्याचं घर सोडून निघणं झालं, असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना ते उचलायचं आणि पुढे जायचं. मात्र पाच दिवसांच्या आत उचललं पाहिजे, आणि उचलून माघारी घरात आणायचं नाही. हिशेब केला तर पाचवा दिवस बोटीचाच होता. अगदी ओढूनताणून जमत होतं.

एकच गोष्ट राहिली होती. छातीच्या फोटोचा कागद. वैद्यकीय तपासणीत पहिला फोटो नीट उठला नाही म्हणून आठ दिवसांपूर्वी दुसरा काढला होता आणि त्याचा कागद मुंबईच्या डॉक्टरांकडून यायचा होता. प्रधान म्हणाले होते, ती नुसती रीत आहे. श्यामकांत म्हणाले, कागद हातात येऊ दे, मग प्रस्थान ठेवू. बनूबाई म्हणाल्या, कागद उद्या येईल, पण मुहूर्त उद्या नाही. श्यामकांतांचा धुतलेला सदरा कुंदानंच घडी घालून दिला. त्रयोदशीला सकाळी तो बांधून कौसाबाईंच्या देवघरात ठेवला गेला.

कागद आला पौर्णिमेला.

श्यामकांत दुपारीच घरी आले. डबा तसाच भरलेला होता. कुंदानं विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "फोटोत डाग दिसतो म्हणे. जुना आहे. इथं काम करायला हरकत नाही, पण त्या देशात घेत नाहीत."

डाग कसला ते दोघांनाही माहीत होतं. अठ्ठेचाळीस साली त्यांच्या छातीत पाणी झालं होतं. तेव्हा बदलापूरला मामांकडे पाच महिने काढले होते. डोंगरातल्या पाड्यावरची ठमी रोज शेळीचं दूध आणून द्यायची आणि ओसरीवरून विचारायची, "आज कसा हाय तो? जेवला का?" बरे झाले, कामावर रुजू झाले, आणि पुढे सहा वर्षांत साधा खोकलाही आला नाही. ते दुखणं आता कोणाच्या लक्षातही नव्हतं. छातीनं मात्र ते जपून ठेवलं होतं.

कोणाला जाऊन भेटावं, तर चूक कोणाचीच नव्हती. डॉक्टर खरं बोलला होता. प्रधानांनी वकिलातीत दोनदा फोन केला, कारखान्याच्या मोठ्या साहेबांनीही एक केला. तिकडून उत्तर एकच, नियम आमचा नाही. तिसरा फोटो काढावा तर बोट परवावर आलेली. श्यामकांत कॉटवर बसून राहिले. बनूबाई इतकंच म्हणाल्या, "मी सांगत होते, तिघांनी निघू नये." थोड्या वेळानं त्याच पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रधान घरी आले. एवढा मोठा माणूस चाळीत कधी आला नव्हता. बूट दाराशी काढले, कुंदानं दिलेलं पाणी सगळं प्यायले, आणि बराच वेळ मुद्द्यावर आले नाहीत. शेवटी म्हणाले, "गुप्ते, मागायला तोंड नाही. पण तो नकाशा द्याल का? तुमच्यावाचून आम्ही दोघं तिकडे आंधळे."

श्यामकांतांनी नकाशा काढला. नुसता दिला नाही, जमिनीवर पसरून सबंध समजावून सांगितला. सरहद्दीच्या स्टेशनात उतरायचं कसं, पलीकडची गाडी कुठल्या अंगाला, जिनोआला कपडे पहिल्याच संध्याकाळी धुवायला टाका, नाहीतर दोन मुक्काम फुकट. नीसच्या पुढे डाव्या बाजूला बसू नका, समुद्र उजवीकडे आहे. हे सांगताना त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला, जणू स्वतःच जाणार आहेत. प्रधान मान खाली घालून वहीत लिहून घेत होते. कुंदाला तो मोकळा आवाज ऐकवेना. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच तांदूळ निवडत बसली.

परत आली तेव्हा श्यामकांतांच्या हातात ब्लेड होतं. नकाशाच्या कोपऱ्यात 'माणसे : तीन' असं लिहिलेलं होतं, ते खरवडत होते. हलक्या हातानं, कागदाला भोक पडू न देता. तिथं 'दोन' लिहिलं. प्रधान म्हणाले, राहू द्या हो, आम्हाला कळतंय. श्यामकांत म्हणाले, "नाही साहेब. फेरफार केला की नोंद करावी लागते."

ड्रॉइंग ऑफिसची तशी शिस्तच होती. काहीही बदललं की खालच्या रकान्यात तारीख, काय बदललं आणि कारण. कारणाशिवाय बदल धरत नाहीत. त्यांनी तारीख घातली. 'तीनऐवजी दोन' लिहिलं. मग कारणाच्या घरावर नीब धरलं. शाई सुकली. पुन्हा बुडवलं. पुन्हा सुकली. प्रधान खिडकीकडे पाहत राहिले. शेवटी श्यामकांतांनी लिहिलं, 'एक माणूस कमी', आणि खाली बारीक सही केली.

प्रधान गेले, आणि उरलं प्रस्थान.

त्याची आठवण कौसाबाईंनीच भीतभीत केली. उद्या पाचवा दिवस. बनूबाईंचा धीर सुटला होता. ठेवलेलं प्रस्थान कोणी उचललं नाही, तर ते मागे राहिलेल्याचं, परत न येणाऱ्याचं होतं, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, घरात आणता येणार नाही. ज्याचं त्यानं उचलावं, गावाची शीव ओलांडावी, बाहेर एक जेवण करावं आणि मग परत यावं. कुठेही जा.

"कुठे जायचं?" श्यामकांत म्हणाले.

बनूबाई म्हणाल्या, कल्याणला जा, टिटवाळ्याला जा, काय वाटेल तिथे जा. श्यामकांतांनी पुन्हा तेच विचारलं, कुठे जायचं? रागानं नाही. त्यांना खरंच सुचत नव्हतं. अखेर कुंदाच म्हणाली, आपण वांगणीला जाऊ, दोनच स्टेशनं.

द्वितीयेला दोघं निघाले. मुंबईला धक्क्यावर त्याच दुपारी बोट सुटायची होती. कौसाबाईंच्या दारात श्यामकांतांनी बांधलेला सदरा उचलला आणि काखेत धरला. कौसाबाईंनी हातावर दही घातलं. कुठे निघालात, हे वाटेत भेटलेल्या दोघातिघांनी विचारलं, कारण सगळ्यांना ते विलायतेला जाणार हेच ठाऊक होतं. श्यामकांत प्रत्येकाला म्हणाले, "जरा वांगणीपर्यंत."

वांगणीला उतरले. आजूबाजूला भाताची शेतं, पोटरीला आलेली. फलाटाच्या टोकाला चिंचेखाली कुंदानं धडपं अंथरलं, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी काढली. श्यामकांत जेवले. दोन पुऱ्या मागून घेतल्या, तेव्हा कुंदाला राहवेना.

"मी देवाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "श्रावणात. ह्यांना लांब नेऊ नकोस म्हणून."

श्यामकांतांनी घास संपवला. "कधीचा सोमवार?"

"दुसरा."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "डाग अठ्ठेचाळीसचा आहे, कुंदा. तुझ्या सांगण्यानं फुप्फुसावर डाग पडत नाही."

तिला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. देवानं तिचं ऐकलं नव्हतं म्हणावं, तर मग नवऱ्याचंही ऐकलं नव्हतं. आणि ऐकलं म्हणावं, तर तेही सोसवत नव्हतं. तिनं मनातल्या मनात हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. मग तिनं नुसतं नाव घेतलं.

"तिकडची गाडी किती वाजता आहे?" तिनं विचारलं. तिला म्हणायचं होतं, अंबरनाथची.

"आता ते एडनच्या वाटेला लागतील," श्यामकांत म्हणाले. "पहिले दोन दिवस कर्णिकांना उलट्या होणार. मी आवळ्याची सुपारी घ्या म्हटलं होतं. घेतली असेल का कोण जाणे."

कुंदानं पुन्हा विचारलं नाही. ती फलाटावर जाऊन हमालाला विचारून आली. दोन तास गाडी नव्हती. तिनं येऊन तसं सांगितलं. श्यामकांतांनी बरं म्हटलं, सदऱ्याची गाठ सोडली, अक्षता चिंचेच्या मुळाशी ठेवल्या आणि चुरगळलेला सदरा गुडघ्यावर पसरून हातानं सारखा करत बसले.