संत्र्याला पुरेल एवढा उजेड

माझ्या मामाने चौतीस वर्षं एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली. लाल दिव्याच्या उजेडात फोटोचे कागद द्रावणात बुडवायचे, चिमट्याने उचलायचे, तारेवर वाळत घालायचे. मामी म्हणायची, "इतकी वर्षं अंधारात बसून ह्यांनी काय उजेड पाडला, ते मला विचारा." मामा नुसता हसायचा. त्याला उत्तर सुचत नव्हतं असं नाही, पण उत्तर दिलं की मामी आणखी दोन ऐकवायची.

मामीला जाऊन चार महिने झाले. आजारपणात तिने एका संत्र्याची बी कुंडीत खोचली होती. रोपाची चार पानं तिने पाहिली, पाचवं काही पाहिलं नाही. नंतर मामाने झोपायच्या खोलीचं दार लावून घेतलं, कुंडी हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली आणि स्वतः सोफ्यावर झोपायला लागला. रडला मात्र नाही. "मला काही वाटतच नाही गं," म्हणायचा. "दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं झालंय."

दर रविवारी मी त्याच्यासाठी डबा घेऊन जायचे. एकदा त्याने कौतुकाने कुंडी दाखवली.

"बघ, कसं भराभर वाढतंय. महिन्यात वीतभर झालं. तिचं एवढं तरी मी जगवलं."

रोप काडीसारखं बारीक, पिवळट, एका अंगाला कललेलं. मी रोपवाटिकेत नोकरी करते, खोटं बोलणार तरी किती?

"मामा, हे वाढत नाहीये. उजेड शोधत ताणलं गेलंय. असंच राहिलं तर महिनाभरात जाईल."

"इथे तर लख्ख उजेड आहे." आणि त्या अर्ध्या अंधारात त्याने पेपरातली बारीक अक्षरातली जाहिरात मला घडाघडा वाचून दाखवली. जन्मभर डार्करूममध्ये मुरलेले डोळे ते, त्यांना कुठेही लख्खच दिसणार.

त्या घरात ऊन येतं ते फक्त झोपायच्या खोलीच्या खिडकीत. मी तसं म्हटल्यावर मामाने मान फिरवली. "तिथे नको."

"मग मरू दे," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. घरी येईपर्यंत मला त्याचं वाईट वाटत राहिलं.

पुढच्या रविवारी गेले तर ते दार उघडं होतं. कुंडी खिडकीपाशी, आणि मामा हातात पुठ्ठा आणि घड्याळ घेऊन शेजारी उभा. फोटोला किती उजेड लागेल हे ठरवायला तो कागदाच्या एका पट्टीवर पुठ्ठा सरकवत पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा सेकंद असा उजेड देऊन बघायचा. इथे त्याने सेकंदांची मिनिटं केली होती. पहिल्या दिवशी दहा मिनिटं ऊन, की पुठ्ठा आडवा. दुसऱ्या दिवशी वीस.

"एकदम दिलं तर जळतं," तो म्हणाला. मला शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

महिन्याभराने शेंड्याला नवं पान आलं, नखाएवढं, पण गडद हिरवं. "जगलं रे," मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता. मामा पलंगाच्या कडेवर बसला होता. तो पानाकडे बघत राहिला.

"ती इथे पडून रोज म्हणायची, अहो, पडदा सरकवा ना, अंधार वाटतोय." त्याचा आवाज बातम्या वाचल्यासारखा सपाट होता. "मी म्हणायचो, आहे की उजेड. शेवटच्या दिवशीसुद्धा तेच म्हणालो."

मला त्याचा राग आला आणि कीवही. मामा उठला, स्टुलावर चढला आणि त्याने पडदा दांडीवरून काढला. त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"हा घेऊन जा," तो डोळे पुसत म्हणाला. "मला काही दिसत नाही."