जन्मापासून ओळखतो

आमच्या थोरल्या साडूंनी ओळख दिल्याशिवाय या जगात कोणताही माणूस खरा ठरत नाही. हे माझं मत नव्हे, खुद्द साडूंचं आहे. पण कोल्हारात बसून त्यांनी ते इतक्या निष्ठेनं चालवलं की हळूहळू आम्हा सगळ्यांना ते पटून गेलं. पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची सही लागायची, 'मी अर्जदारास ओळखतो' म्हणून. गावातल्या निम्म्या अर्जांवर ती सही आमच्या साडूंची. उसाला पाणी चालू असो की गाय व्यायला झालेली असो, कुणी हाक मारली की हे खिशाला पेन लावून बँकेत हजर. अर्जात पुढं विचारलेलं असायचं, किती वर्षांपासून ओळखता? तिथं साडू न थांबता लिहायचे, 'जन्मापासून'. एकदा ऐंशीच्या घरातल्या एका म्हाताऱ्याच्या अर्जावरही त्यांनी तेच लिहिलं. मॅनेजर बिचारे लातूरकडून नवीनच बदलून आलेले. ते म्हणाले, अहो काका, हे तर तुमच्या वडिलांच्या वयाचे! साडू म्हणाले, "मंग माझ्या जन्मापासून धरा."

ओळख काढायची त्यांना खोडच आहे. नगर-मनमाड रस्त्यावर एकदा एकाची गाडी खड्ड्यात बसली. त्या रस्त्यावर हे नित्याचंच, गाडी बसली नाही तर माणूस घरी येऊन सांगतो. साडू बाह्या सावरून धक्का द्यायला गेले, पण गाडीला हात लावण्याआधी विचारलं, गाव कोन्चं? तो म्हणाला, खर्डा. झाली का पंचाईत! साडूंचं खर्ड्यात कुणीच नाही. मग भर उन्हात त्या माणसाच्या आत्या, मावश्या, चुलत सासरे असं एकेक उकरणं सुरू झालं. शेवटी त्याची एक मावशी पारनेरला दिलेली निघाली, आणि पारनेरच्या बाजारातून साडूंनी कधीकाळी एक बैल आणला होता. तेवढं पुरलं. "मंग घरचेच की तुमी," असं म्हणून त्यांनी एका दमात गाडी बाहेर काढली, वर त्याला घरी नेऊन जेवायलाही घातलं. तो गृहस्थ अजून दिवाळीला फोन करतो. माझंच काय घ्या! माझं स्थळ सासऱ्यांकडे आलं तेव्हा मला एकदाही न बघता "पोरगा माझ्या वळखीचा हाय" असं यांनीच ठोकून दिलं होतं. तेव्हापासून त्यांच्यापुढे बोलायची माझी सोय राहिली नाही.

पुढं आधार कार्ड आलं आणि बँकेनं ओळखीची सही बंद केली. अंगठा मशीनवर ठेवला की झालं. साडू आठ दिवस घुम्यासारखे बसून होते. मग कळलं की जन्मभर खुरपं धरलेल्या म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनला उमटतच नाहीत. झालं! साडू बँकेत जाऊन त्या मशीनसमोर उभे राहिले आणि मॅनेजरला म्हणाले, "हिला न्हाई वळखता येत का? मी वळखतो की." त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले, असं अक्का सांगतात. अक्का म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आणि साडूंच्या प्रत्येक गोष्टीची खरी प्रत त्यांच्याकडेच मिळते. पुढची हकिकतही मी दोघांकडून ऐकली आहे. जिथं दोघांचं जुळलं नाही तिथं मी अक्कांचं धरलं आहे.

साडूंना एकच मुलगी, पल्लवी. ती जर्मनीत नोकरीला आहे, एकटीच राहते. मागच्या उन्हाळ्यात तिनं आईवडिलांना तीन महिने तिकडं नेलं. जाताना साडूंनी बॅगेत डिंकाचे लाडू भरले आणि मनात एकच काळजी. ती त्यांनी मला नगरच्या स्टँडवर सांगितली. पोरगी शिकलीय, कमावती हाय, तिचं सगळं चांगलं हाय. पन एवढ्या मुलखात तिला वळखनारं एक मानूस तरी पायजे का नको? मी म्हणालो, असतील की ऑफिसातले. तर म्हणाले, ऑफिसातल्याला काय, टेबल बदललं की संपलं.

तिकडं गेल्यावर त्यांनी शोध सुरू केला. शेजारी दार उघडायचे आणि लगेच लावायचे. बसमध्ये कुणी गाव सांगेना. शेवटी घराच्या कोपऱ्यावरच एक बँक सापडली, पल्लवीचं खातं तिथंच. आत काउंटरवर चष्म्यातली एक पोक्त बाई. साडू रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचे ते थेट बँकेत. तिथल्या रामरामाला 'गुट्टे मोरे' असं काहीतरी म्हणतात, दोन आडनावं एकापुढं एक, म्हणून त्यांच्या लक्षात राहिलं. हे हात जोडून 'गुट्टे मोरे' म्हणायचे, बाई हसून मान हलवायची, की हे घरी. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी तिला डिंकाचा लाडू दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. घरी येऊन साडूंनी जाहीर केलं की पोरीची सोय झाली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पल्लवी म्हणाली, पप्पा, मी ही बँक सोडतेय. खात्याचे उगाच पैसे कापतात, नवीन खातं ॲपवर आहे, सगळं फोनमध्येच. साडूंनी विचारलं, ही नवी बँक कुठं हाय? कुठंच नाही, पप्पा. दार? दार नसतंय तिला. साडू म्हणाले, "मंग संध्याकाळी कुलूप कशाला लावत्यात?"

पल्लवी पोट धरून हसली, पण साडूंना हसू आलं नाही. दार नाही म्हणजे काउंटर नाही, काउंटर नाही म्हणजे ती बाई नाही. एवढ्या मुलखात पोरीला ओळखणारं एक माणूस कसंबसं जमवलं, आणि हिनं तेच बंद करायला घेतलं! त्यांनी दोन दिवस वाद घातला, मग जेवणावर रुसले, मग पल्लवीला ओढत बँकेत घेऊन गेले आणि त्या बाईला सांगायला लावलं की खातं बंद झालं तरी पोरीवर लक्ष असू द्या. पल्लवीनं काय भाषांतर केलं देव जाणे. बाई 'या, या' म्हणाली. म्हणजे तिकडं 'हो' म्हणतात. साडूंनी ते पुन्हा या असं धरलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

नव्या बँकेची ओळखपरीक्षा फोनवर होती. पलीकडून एक बाई चित्रात येते, पासपोर्ट बघते, चेहरा बघते, आणि तूच ती, असं ठरवते. अट एकच, खोलीत दुसरं कुणी नको. पल्लवीनं दोघांना स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसवलं आणि दार लोटून घेतलं. दार लोटलं म्हणजे साडूंना बाहेर ठेवलं, असा समज त्या लेकीचा कसा झाला कळत नाही. फटीतून दोघंही बघत होते. पलीकडची बाई म्हणाली, मान डावीकडं वळवा. आता उजवीकडं. आता तोंडासमोरून हात फिरवा. अक्का हळूच म्हणाल्या, अगोबाई, इथंही दृष्ट काढतात! साडूंना मात्र ते पटत नव्हतं. पोरीला मान वळवायला लावायची म्हणजे काय, गुरांच्या बाजारात आलीय का ती? तेवढ्यात बाईनं पासपोर्ट बघून विचारलं, हे मधलं नाव कोणाचं? पल्लवी म्हणाली, फादर.

तेवढं इंग्रजी साडूंना येतं.

खांद्यावर टॉवेल, हातात मेथीची जुडी, अशा थाटात ते फोनसमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले आणि आयुष्यभर मराठीत लिहिलेली ओळ त्यांनी पहिल्यांदा इंग्रजीत म्हटली: "आय नो हर. सिन्स बर्थ."

पलीकडची बाई हसली. मग फार अदबीनं म्हणाली की खोलीत दुसरी व्यक्ती आढळल्यामुळे ओळख रद्द करावी लागतेय, पुन्हा कधीतरी करा. पल्लवीनं कपाळावर हात मारला. साडूंना काही केल्या कळेना. ओळख द्यायला माणूस हजर झाला म्हणून ओळख रद्द? आमच्या मॅनेजरानं असं कधी केलं न्हाई, असं ते विमानात बसेपर्यंत म्हणत होते. ते तिथं असेपर्यंत पल्लवीनं पुन्हा त्या परीक्षेचं नाव काढलं नाही.

ते परत आल्यावरच्या रविवारी मी आणि बायको कोल्हारला गेलो होतो. ओसरीवर चहा चालू असताना पल्लवीचा फोन आला, चित्राचा. साडूंनी तो पाणी प्यायच्या तांब्याला टेकवून उभा केला. पल्लवी म्हणाली, पप्पा, झालं एकदाचं खातं. आणि गंमत म्हणजे फोनवर परत तीच बाई आली. तिनं मला बघितलं आणि आधी विचारलं, आज वडील नाहीत का?

साडूंनी आमच्याकडे असं बघितलं की काय सांगू! "मंग? काय म्हनत हुतो मी? वळख ती वळख." बायकोला, मला, अक्कांना, गोठ्याकडून आलेल्या गड्याला, सगळ्यांना त्यांनी ते ऐकवलं. बिनदाराच्या बँकेत आमच्या साडूंची ओळख निघाली होती. मीसुद्धा खूश झालो, खोटं कशाला बोलू.

मग ते पुन्हा फोनकडे वळले आणि सहज विचारलं, "तू काय सांगितलंस मंग तिला?"

"सांगितलं, ते गावी गेले. मग तिनं परत तो नियमाचा प्रश्न विचारला, खोलीत आणखी कोणी आहे का. म्हटलं नाही, मी एकटीच आहे." पल्लवीनं फोन दुसऱ्या हातात घेतला. "या वेळी खरंच होतं ना, पप्पा. लगेच पास झाले."

अक्कांनी पदर तोंडाशी नेला. साडूंनी फोन उचलून अगदी नाकाजवळ धरला.

"जरा उजेडात ये बरं."

ती खिडकीशी आली.

"मान वळव. आशी. आता तिकडं."

पल्लवीनं मान वळवली, इकडं आणि तिकडं. हसत होती, पण नाक ओढत होती.

"व्हय, तूच हाय," साडू म्हणाले. "जरा वाळलीस."

फोन अक्कांच्या हातात देऊन, गाईंना पाणी पाजून येतो, असं म्हणत ते गोठ्याकडे निघून गेले. गाईंना पाणी मघाशीच आमच्यासमोर पाजून झालं होतं.