येऊन राहिली होती

पौष महिना, १९३९, सोमवारची सकाळ. जागा : देवरीच्या रस्त्यावरचं वळण. हजर : मी, माझी बायको, मी ज्या गिरणीचा कारभार पाहायचो तिच्या मालकाची मोटार चालवणारा ड्रायव्हर, समोरून धानाची पोती घेऊन येणारा गाडीवान, त्याचे दोन बैल.

मोटार वळणावर वेगात होती. मडगार्ड बैलबंडीच्या चाकाला लागलं, बंडी कलंडली, आणि पोती गाडीवानाच्या हातावर आली. बाकी कुणाला खरचटलंही नाही.

मी आधी बैलांचं जू सोडलं. बायकोनं छत्रीची काडी लावून लुगड्याच्या फाडलेल्या पदरानं त्याचा हात बांधला. ड्रायव्हर मोटारीत चढायला लागला.

“बाबूजी, गाड़ी हटा दूँ? सेठजी नाराज होंगे.”

“आधी चाकं होती तिथं खुणेचे दगड ठेवू दे. मग हटव.”

दगड ठेवले. बैल आणि पोती मागून आलेल्या, गाडीवानाच्याच गावच्या माणसाच्या हवाली केली. मग सगळे मोटारीनं ठाण्यात. हाड बसवायला गोंदियाच्या दवाखान्यात नेणं भाग होतं. बोटं सुजून निळी पडत चालली होती. पण जबाब झाल्याशिवाय कुणाला सोडणार नाही, असं जबाब लिहिणारा मुनशी म्हणाला. तो मूळचा पुण्याकडचा, इकडे नुकताच नोकरीला लागला होता. ठाणेदार दौऱ्यावर होते.

गाडीवानानं सांगितलं, मुनशीनं लिहिलं, अंगठा घेतला आणि मग वाचून दाखवलं.

“‘मोटार समोर येऊन थांबली होती. मी बंडी बाजूला घेऊन थांबलो होतो.’ मग धडक कशी झाली?”

“थांबून कोन होता जी? मोटार येऊन रायली होती. मी बंडी बाजूले घेऊन रायलो होतो.”

“तेच लिहिलंय. दोघंही थांबलेले, आणि हात मोडला. खोटी फिर्याद द्यायला आलास काय? बस तिथं. ठाणेदार येईपर्यंत हलायचं नाही.”

गाडीवान भिंतीला टेकून बसला. कपाळावर घाम होता. ड्रायव्हर दारात उभा होता. ‘येऊन रायली होती’ म्हणजे ‘आ रही थी’, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो आपल्या जोड्यांकडे पाहत राहिला.

मी म्हणालो, “मुनशीजी, इकडे येऊन राहिली म्हणजे येत होती.”

“तुम्ही मोटारीतले ना? मोटारीविरुद्ध बोलता?”

“मी जे पाहिलं ते बोलतो.”

“लिहिलेलं मी खोडत नसतो.” त्यानं मान खाली घातली आणि पुढचा कागद ओढला.

माझी बायको पुढे झाली. ती साकोलीकडची, बोलायला कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

“मुनशीजी, तुमी आता का करून रायले?”

“दिसत नाही का, बाई? लिहितोय.”

“आमी त्याले लिहून रायले म्हनतो. मंग हात थांबला का तुमचा?”

कोपऱ्यातला शिपाई फिसकन हसला आणि हसू खोकल्यावर नेलं. मुनशीचा टाक खरंच थांबला. त्यानं जबाब पुन्हा काढला, ओठ हलवत वाचला.

“अंगठा झालाय,” तो शेवटी म्हणाला. “आता पुरवणी जबाबच करावा लागेल, तोही ठाणेदारांपुढे. ते नवेगाव बांधला आहेत.”

“आणि ह्याचा हात?”

“तुम्ही जामीन राहता?”

मी सही केली. त्याच मोटारीनं त्याला गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी हाड बसवलं. बोटं वाचतील म्हणाले. मालकांच्या घरी जाऊन झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बसायला मात्र सांगितलं नाही.

राहिलं ते एवढंच : ठाण्याच्या कागदात मोटार अजून थांबलेली होती, आणि ठाणेदार नवेगाव बांधहून परतले नव्हते.