फूटपट्टीखालचा अंगठा

पगाराच्या खिडकीत कारकुनाने माझा अंगठा फूटपट्टीने दाबला. हाताने नाही. इतर बायांचा अंगठा तो स्वतः धरून कागदावर उमटवायचा. माझी पाळी आली की टेबलावरची लाकडी पट्टी उचलायचा. आमची जात त्याला पहिल्याच दिवशी आडनावावरून कळली होती.

मुलुंडला औषधाच्या बाटल्या धुण्याच्या कारखान्यात मी कामाला होते. राहायला कांजूरमार्गला, आई आणि दोन पोरांसोबत. नवरा वारला होता. चौथी शिकले होते, सही येत होती. पण बायांचा अंगठाच घ्यायचा, अशी तिथली पद्धत. सह्या करत बसल्या तर रांग लांबते म्हणे.

ठरलेला पगार आणि हातात पडणारा पगार कधी जुळायचा नाही. एकदा धीर करून विचारलं, "साहेब, कशाचे कापले?"

"थोडे म्हातारपणाचे, थोडे आजारपणाचे. सरकारी कायदा आहे. तुझ्या डोक्यात नाही शिरायचं. चल, पुढची!"

रांगेत हशा पिकला. माझ्याच बरोबरच्या बाया हसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे एकदा धुताना बाटली फुटली. काच उजव्या अंगठ्यात घुसली. हळद भरली नि कामावर गेले. घरी बसून परवडणार होतं कुणाला? सोड्याच्या पाण्यात जखम चिघळली. अंगठा पिकला, ताप चढला, अंथरूण धरलं. आईने तांब्याचा हंडा विकून डॉक्टर आणला.

कामावर परतले तेव्हा पगाराचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी खिडकीत बघते तर घरी पडून काढलेल्या दिवसांचा रोज कापलेला. आजारपणाचेही कापलेले.

मी म्हटलं, "साहेब, आजारपणाचे कापता, नि आजारी पडले तर दिवसाचा रोजही कापता? मग ते आजारपणाचे पैसे कुणाच्या आजारपणाचे?"

त्याने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "विमा असतो तो. कार्ड दाखवलं की दवाखाना फुकट. घरी राहिल्याचे थोडे पैसेही मिळतात."

"माझं कार्ड?"

"असेल ड्रॉवरमध्ये. तुम्हा लोकांना देऊन काय उपयोग? चुलीत घालाल."

"आता मिळतील पैसे?"

"आता कुठले? तेव्हाच दवाखान्यात जाऊन डॉक्टरचा दाखला आणायचा होता. चल, अंगठा दे."

आईचा हंडा डोळ्यांसमोर आला. दर महिन्याला मी पैसे भरत होते, आणि औषधासाठी घरातलं भांडं विकावं लागलं. कार्डाचं मला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच कुणाला वाटली नाही.

पट्टी वर उचलली गेली. जखम अजून ओली होती. मी हात मागे घेतला.

"लिहायचा टाक द्या. सही करते. आणि माझं कार्ड काढा."

"अंगठा नाही तर पगार नाही."

मागून रांगेतली, आमच्याच कोकणातली सखू कुजबुजली, "दी गो अंगठो. कित्याक भांडतंस?"

मी हात पदराखाली घेतला आणि रिकामीच घरी आले. दारातच आईने विचारलं, "पैसे खंय?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फाल्या जा, अंगठो दी नि घेवन ये. पोरां काय खातली?"

पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला रडूही आलं नाही, नुसता संताप आला. कुणावर काढणार होते तो?

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर पुन्हा त्याच खिडकीशी उभी राहिले. पगार मिळेल की कामावरून काढतील, काही ठाऊक नव्हतं. त्याने वर न बघता पट्टी पुढे सरकवली.

मी म्हटलं, "कापायचे ते कापा. पण कशाचे ते मला सांगून. सही मी करीन."

"उभी राहा मग," तो म्हणाला.

मी उभी राहिले. अंगठा वाकत नव्हता, आजही वाकत नाही. पण त्या दिवसापासून तो कुठल्याच कागदावर टेकलेला नाही. टेकणारही नाही.