हळदीला गाणारा बिद्याधर

हळदीच्या मंडपात शिरला की बिद्याधर स्टेजकडे यायचाच नाही. आधी चुलीकडे जायचा. तिथे वडे तळणाऱ्या बायांत एखादी धवलारीण, म्हणजे लग्नाची जुनी गाणी म्हणणारी म्हातारी, असायची. तिच्यापुढे उकिडवा बसून विचारायचा, "आये, सबुद बरोबर हाय ना गो?" इकडे मी कीबोर्ड लावून बसलेलो, लोक शिट्ट्या मारतायत, आणि आमचा गायक म्हातारीकडून गाणं तपासून घेतोय! मी करवादायचो. तो शांतपणे म्हणायचा, "गाना तिचा हाय. मी निसता मोठ्यानी बोलतो."

मूळचा ओडिशाचा. डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर म्हणून आला आणि धरमतरच्या खाडीकाठी एका गावात भाड्याने राहिला. एका हळदीत आमच्या तेव्हाच्या गायकाचा घसा बसला, तेव्हा धवलारणींकडून ऐकून ऐकून गाणी शिकलेला हाच गर्दीतून वर आला. पहिल्या कडव्यालाच नवऱ्याची आई उठून नाचू लागली. मग शिफ्ट संपवून तो आमच्याबरोबर फिरू लागला. बिद्याधरची तारीख मिळाल्याशिवाय पत्रिका न छापणारी घरं मी पेणपासून रोह्यापर्यंत पाहिली आहेत. पोरांच्या मोबाइलवर त्याचीच गाणी. "हलदीत आये आतून रडते," तो म्हणायचा, "तिला नाचवली की माजा काम झाला."

मग त्याच्या मुलीचं, सुनीताचं लग्न ठरलं. याच गावात जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली पोर. तिची हळद गावच्या समाजमंदिरात लावायची, एवढीच बिद्याधरची हौस. आम्ही दोघे गावकमिटीच्या अध्यक्षांकडे गेलो. या गृहस्थांच्या थोरल्या मुलाच्या हळदीत तो आवाज फाटेस्तोवर गायला होता. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "बिद्या, तू चांगला मानूस हायेस. पन हॉल गाववाल्यांसाठी हाय रं. उद्या समदे भाडेकरू मागतील."

भाडेकरू! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच बिद्याधरने माझा हात दाबला.

हळद चाळीसमोरच्या गल्लीत लागली. मोटारसायकल आली की नवरीला पाटासकट बाजूला सरकवायचं, ती गेली की पुन्हा हळद. ज्यांच्या घरी तो गायला, त्यांतलं कुणी फिरकलं नाही. धवलारणी मात्र सगळ्या आल्या आणि त्यांनीच गाणी म्हटली. बिद्याधर त्या दिवशी गायला नाही.

वर्षाच्या आत तो रोह्याला राहायला गेला. तिथे कारखान्यात काम करतो. गाणं सोडलं ते सोडलंच. मी जाऊन भांडलोसुद्धा. "राग नाय रं," तो म्हणाला, "पन दुसऱ्याची आये नाचवायला गेलो की माजी पोर रस्त्यावर बसलेली दिसते."

परवा त्याच अध्यक्षांच्या धाकट्याची हळद होती. "बिद्याची गानी लाव," त्यांनी फर्मावलं. मी रेकॉर्डिंग लावलं. अध्यक्ष घामाघूम होऊन नाचले. एका पाहुण्याने विचारलं, कोण गातोय हो? अध्यक्ष छाती काढून म्हणाले, "आपला बिद्या. आपल्या गावचा!"

"गावचा?" मी माइकवरूनच विचारलं. "मग त्याच्या पोरीची हळद गल्लीत का लागली?"

अध्यक्ष हसत म्हणाले, "अरं, तो इषय येगला. तू गाना लाव."

नाही लावलं. वायरी गुंडाळल्या, कीबोर्ड उचलला आणि चालता झालो. नाचायचंय ना? नाचा म्हणावं आता त्याच्या आवाजाशिवाय.