लाल काडी आणि श्वासाची घंटा

मायक्रोस्कोपखाली मी एक लाल काडी शोधत होते आणि छताच्या स्पीकरमधून घंटा वाजली. पाठोपाठ मुलायम आवाज आला, "थांबा. श्वास घ्या. या क्षणात या."

मी त्या क्षणातच होते. घंटेनं बाहेर काढलं.

मी सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलची पॅथॉलॉजिस्ट. पेशंट मला क्वचित दिसतो, त्याच्या शरीरातून काढलेला तुकडा दिसतो. तो काचेवर रंगवून आजार ओळखायचा, हे माझं काम. स्टाफची एकाग्रता वाढावी म्हणून मॅनेजमेंटनं नुकताच माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला होता. दर तासाला घंटा. ती वाजली की हातातलं काम सोडून श्वासाकडे बघायचं. शिवाय दुपारी हॉलमध्ये सेशन, हजेरी सक्तीची.

काचेवर मंगलच्या मानेतली गाठ होती. मंगल वैरागची, पस्तिशीतली. ताप जात नव्हता, वजन घटत होतं. आमचे सर्जन डॉ. बिराजदार यांना लिम्फोमाचा, म्हणजे गाठींच्या कॅन्सरचा संशय होता. मला टीबी वाटत होता. टीबीत दिसतात तसे पेशींचे पुंजके होते, पण तसे पुंजके कधीकधी लिम्फोमातही दिसतात. टीबीचा जंतू सापडला तर बोलणंच खुंटलं. खास रंग दिला की तो निळ्या पेशींमध्ये बारीक लाल काडीसारखा उठून दिसतो. पंचाईत अशी की गाठीत हे जंतू फार थोडे असतात. काच केसभर सरकवायची, बघायचं, पुन्हा सरकवायची. मध्येच नजर हलली की कुठवर आलो होतो याची खात्री राहत नाही.

दारात मंगलचा नवरा दत्ता येऊन उभा राहिला.

"मॅडम, रिपोर्ट झाला का वो?"

"बघतेय अजून."

"सायेब म्हनले, पुण्याला न्यावं लागंल. गाडी सांगून ठिवलीया. तिला काय बोललो न्हाय अजून. क्यान्सरच हाय का?"

"काहीच ठरलेलं नाही. गाडी थांबवा."

"थांबवतो की," तो म्हणाला, पण दारातून हलेना. मीच त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं.

मग बिराजदारांचा फोन. "मॅडम, उद्या पाठवतोय तिला पुण्याला."

"टीबी असला तर?"

"असला तर दाखवा."

मग एचआरच्या सोनाली मॅडम. "मॅडम, सेशन सुरू झालंय. तुमची खुर्ची रिकामी आहे."

"स्लाइड बघतेय."

"पण सेशन एकाग्रतेचंच आहे."

"म्हणूनच जमणार नाही."

मी फोन बंद केला, दार लावलं आणि स्पीकरची वायर काढायला स्टुलावर चढले. आमचे टेक्निशियन शकीलभाई घाबरले. "मॅडम, तुम उतरो, मैं निकालतूं ना!" त्यांनी ती काढली.

आता खरं सांगते. पहिल्या सेशनला मी गेले होते. तो पांढऱ्या कुर्त्यातला ट्रेनर एक गोष्ट म्हणाला होता: मन भटकणारच, त्याला रागवू नका, गुपचूप परत आणा. तेव्हा मी जांभई दिली होती. आता तेच केलं. मन दत्ताच्या गाडीकडे गेलं, परत आणलं. बिराजदारांच्या "दाखवा"कडे गेलं, परत आणलं. लेकीच्या परीक्षेकडे गेलं, तेही आणलं. माणूस बरोबर बोलला होता, याचा मला जरा रागच आला.

आणि एका पुंजक्याच्या कडेला ती दिसली. बारीक, किंचित वाकडी, लाल. रंगाचा कचराही असा फसवतो, म्हणून फोकस वरखाली करून पाहिलं. कचरा नव्हता. शेजारच्या पुंजक्यात तिची बहीणही सापडली.

बिराजदारांना खाली बोलावलं. ते बराच वेळ डोळा लावून बसले.

"लाल आहे," ते म्हणाले.

"हो."

"पुणं रद्द."

दत्ताला मीच सांगितलं. "टीबी आहे. कॅन्सर नाही दिसला."

"टीबी? म्हंजी बरा व्हतो?"

"होतो. गोळ्या महिनोन् महिने घ्यायच्या, एकही चुकवायची नाही."

तो हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. "टीबी झाला म्हून कुनी हसतंय व्हय मॅडम!"

गोळ्या मंगलनं नेमानं घेतल्या. ताप गेला, गाठी विरल्या, अंगावर मांस चढलं.

मला मात्र त्याच आठवड्यात नोटीस आली होती. सेशनला गैरहजर आणि स्पीकरची नासधूस. मी शांतपणे उत्तर लिहिलं. मॅनेजमेंट समजूतदार निघालं. लॅबमधली घंटा बंद झाली आणि मला रोज सकाळी कुणीही त्रास न देण्याचा एक तास मिळाला. त्यांनी त्याला 'माइंडफुल अवर' असं नाव दिलं.

पहिल्याच दिवशी त्या तासात फोटोग्राफर आला. पोस्टरसाठी फोटो हवा होता.

"मॅडम, मायक्रोस्कोपपुढं बसा आणि डोळे मिटा ना."

"डोळे मिटून स्लाइड कशी दिसणार?"

"स्लाइड नको, शांती दिसायला पाहिजे."

मी डोळे मिटले. पोस्टर छान झालंय, लिफ्टशेजारी लावलंय.

तेव्हापासून भटकणाऱ्या मनाचा मी फारसा बाऊ करत नाही. ते बिचारं बोलावलं की परत येतं. हॉस्पिटलमधली माणसं न बोलावता येतात.