वरचा पाणवठा

भीमाशंकरच्या जंगलात, डिंभे धरणाच्या मागच्या अंगाला असलेल्या एका वाडीच्या वर दोन पाणवठे आहेत. सिमेंटचे, बशीसारखे उथळ, पाडसाचंही तोंड पाण्याला पोचावं असे. झरे आटले की शिवरात्रीपासून पाऊस लागेपर्यंत ते वाडीतली बायडाबाई भरते. खालच्या पाणवठ्यापर्यंत टँकर जातो. वरचा हिरड्याच्या दाटीत आहे, तिथं अर्ध्या वाटेवरच्या टाकीतून हंड्यानंच पाणी न्यावं लागतं. अकरा उन्हाळे तिनं ते नेलं. डोक्यावरचा हंडा न सांडता ती खाली वाकून चिखलातला खूर वाचायची. हा सांबराचा, हे भेकर, हे काल येऊन गेलं, हे आत्ताच.

वनरक्षक नूतन तिच्या लेकीच्या वयाची. वहीत लिहिताना ती विचारायची, "मावशी, नक्की भेकरच ना? का कुणाची शेळी?"

"शेळी भिकाच्या दारात बगा. तिला एवढं चढायला सवड न्हाई."

दर आठवड्याला वारुळाची माती आणि मीठ कालवून त्याचे गोळे ती पाणवठ्याशेजारी ठेवायची. जनावरं ते चाटून गुळगुळीत करत. दुसऱ्या दिवशी त्यावर जिभांचे ओरखडे दिसले की तिला बरं वाटे, जेवून गेलेल्या पाहुण्यांची ताटं पाहून वाटावं तसं.

यंदा चैत्रात कळंबहून तिच्या लेकीनं, आरतीनं, एक गाय पाठवली. दुसऱ्या वेताची, गरीब. टेम्पोतून उतरली तेव्हा तिच्या कानात लसीचा बिल्ला नव्हता. तिसऱ्या दिवशी तोंडातून लाळ गळू लागली आणि खुरांच्या बेचक्यात फोड आले.

खुरकूत. वाडीत हा शब्द कुणी मोठ्यानं म्हणत नाही. असं जनावर हौदावर आणायचं नाही, ही वाडीची जुनी रीत. सगळ्यांची गुरं त्याच हौदावर पितात. कुणी सांगायला येत नाही, ज्याचं त्यानं ओळखायचं. बायडाबाईनं ओळखलं. ऊन चढलं, वाडी सावलीला टेकली की ती गायीला घराच्या मागच्या वाटेनं वर रानात न्यायची.

"रानात चालतंय का?" नवरा सावळाराम म्हणाला.

"तितं कुणाची गुरं हायत?"

चार दिवस गाय वरच्या पाणवठ्यावर प्यायली. मिठाचे गोळेही तिनं चाटले. तोंडाला खारट बरं, म्हणून बायडाबाईनंच तिला त्यांच्यापाशी उभं केलं होतं. आठवड्याभरात गाय रवंथ करू लागली. शेजारणीला बायडाबाईनं सांगितलंही, कुणाच्या गुरांना धक्का लागू दिला नाही म्हणून. सांगताना तिला थोडा अभिमानच वाटला होता.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी खालच्या पाणवठ्याजवळ करवंदीच्या जाळीत तिला सांबराची एक मादी बसलेली दिसली. माणूस दहा हातांवर येऊनही ती उठली नाही. तोंडाला फेस होता आणि पुढच्या एका खुराचं कवच सुटून लोंबत होतं. बायडाबाईनं ते पाहिलं. गायीचा खूर तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिथंच राहिला.

मादी संध्याकाळच्या आत मेली. दुसऱ्या दिवशी जुन्नरहून जनावरांचे डॉक्टर आले. तपासायला काय काय घेतलं आणि वाडीला शाळेच्या ओसरीवर बोलावलं. डॉक्टर तरुण होते, समजावून बोलत होते. हा रोग पाळीव गुरांकडून जंगलात जातो. गुरांना औषधपाणी करता येतं, सांबराला कोण धरणार? लंगडं सांबर चढू शकत नाही, चरू शकत नाही, रानकुत्र्यांना सापडतं. तेव्हा कुणाच्या गुरांना होता आणि ती कुठं प्यायली, एवढं सांगा. तेवढंच पाणी बंद करू, म्हणजे बाकीची वाचतील.

मग मागून आवाज आला, "खालच्या पाणवठ्यावर भिकाच्या म्हशी असत्यात की."

भिका बायडाबाईच्या शेजारीच बसला होता. "माझ्या म्हशी पान्यात बसत्यात साहेब, दवाखान्यात न्हाई," तो म्हणाला.

लोक हसले. डॉक्टरही हसले, पण भिकाच्या म्हशी एकवीस दिवस गोठ्यात बांधायच्या आणि खालचा पाणवठा रिकामा करायचा, असं ठरलं. उठता उठता डॉक्टर म्हणाले, "या मावशींनी पाहिलं म्हणून तरी कळलं. अशी माणसं पाहिजेत." नूतननं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. बायडाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. आत्ता बोलावं, आत्ता बोलावं, असं होत होतं आणि टाळ्या संपल्या.

दुसऱ्या सकाळी ती हंडा घेऊन वर गेली. खालचं पाणी बंद झाल्यामुळे सगळी जनावरं वरच आली होती. चिखलात इतके खूर तिनं एका दिवसात कधी पाहिले नव्हते. त्यात सांबराचा एक माग होता, तीन पाय खोल उमटलेले, चौथा नुसता टेकवलेला. त्याच्या पोटाशी लहान खूर. तिनं हंडा तिथंच ओतून दिला, जमिनीवर, आणि खाली वनखात्याच्या नाक्यावर गेली.

नूतन चहा करत होती. बायडाबाई उभ्यानंच बोलली. गाय, चार दिवस, वरचा पाणवठा, मिठाचे गोळे. काही राखलं नाही.

नूतननं गॅस बंद केला. "मावशी, काल का नाही बोललात?"

"काल माझ्यासाठी टाळ्या वाजल्या व्हत्या."

नूतननं फोन उचलला आणि बायडाबाईकडे पाठ करून बोलू लागली.

वाडीत मात्र कुणी तिला रागे भरलं नाही. "गाय पानी प्याली, इख न्हाई घातलं," सावळाराम म्हणाला. शेजारीण म्हणाली, हौदावर आणली नाहीस, तेच लई केलंस. बायडाबाईला ते ऐकवेना. तिथं कुणाची गुरं नाहीत, असं तीच म्हणाली होती, ज्यांचा एकेक खूर तिला ओळखता येत होता त्यांच्याबद्दल.

ती भिकाच्या गोठ्यात गेली. डुंबायला न मिळाल्यानं म्हशी शेपट्या आपटत होत्या. भिका कडबा तोडत होता.

"भिकाभाऊ, तुझ्या म्हशी न्हाईत. माझी गाय व्हती."

"म्हशी न्हाईत ते मला ठावं हाय. रोज त्यांच्या तोंडाकडं बघतोय मी." त्यानं कोयता खाली ठेवला. "गाईचं न्हवतं ठावं. पर बायडाक्का, तू माझ्या शेजारी बसली व्हतीस."

बायडाबाई गोठ्यातून तशीच वरच्या वाटेला लागली.

वरचा पाणवठा तिनंच उपसला. धुण्याचा सोडा घालून घासला, मिठाचे गोळे खणून पुरले. गायीला वाडीबाहेर बांधलं. पलीकडच्या डोंगरधारेवर नव्या टाक्या ठेवल्या गेल्या, पण जनावरांना ते कोण सांगणार? सोडा धुवून जाईपर्यंत त्यांना इथून हाकलायचं काम नूतननं तिच्यावर सोपवलं. म्हणाली, "तुम्हीच करा." आवाजात राग नव्हता, 'मावशी'ही नव्हतं.

दुपारी बायडाबाई रिकामा डबा आणि काठी घेऊन हिरड्याखाली बसली. उन्हं कलली तेव्हा लंगडी मादी आली, मागे पाडस. कोरड्या सिमेंटला तिनं नाक लावलं, पुन्हा लावलं. बायडाबाईनं डबा बडवला. मादीनं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि हलली नाही. अकरा उन्हाळे ही बाई इथंच दिसत आली होती. या बाईला भ्यायचं नसतं, हे ती शिकली होती.

बायडाबाईनं आणखी जोरात बडवला. पाडस एक पाऊल पुढे आलं. शेवटी तिनं दगड उचलला. तो त्यांच्यापासून लांब पडेल असा नेम धरला, तरी हात उठेना. मग उठला. दगड सिमेंटवर आपटला, पाडस उसळलं आणि मादी तीन पायांवर उडी घेत दाटीत शिरली.

झाडी हलायची थांबल्यावर बायडाबाई उठली. आणखी दगड गोळा करून तिनं ते हाताशी ठेवले. मादी पुन्हा येणार होती.